पेवांतील कोंडलेली हवा

पेव उघडतांच आंत उतरूं नये, हा जुना दंडक आहे. त्याचें कारण असें. कोंडलेलें धान्यही श्वसन करितें. तें प्राणवायु शोषून कर्बवायु सोडतें. मोकळ्या हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो. तो १० च्या फार खालीं गेल्यास मनुष्य हांक मारण्यापूर्वींच कोसळतो. मेंदूस प्राणवायूची शिल्लक ठेवतां येत नाहीं. पुरवठा तुटल्यावर सुमारें ४ मिनिटांत त्याची हानि सुरू होते. कारकुनींत आम्ही जे पंचनामे वाचले, त्यांत दुसरें प्रेत बहुधा सोडवावयास उतरलेल्याचें असे. सबब पेवांत पुष्कळ वेळ वारा खेळूं द्यावा, उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर बांधावा, व तो पडल्यास वरूनच ओढावा. कंदील विझला नाहीं एवढ्यावर विसंबूं नये. वर काढलेल्याचा श्वास बंद असल्यास लागलाच तोंडानें श्वास द्यावा. नाडी कांहीं वेळ चालू असूं शकते.