भुयारातून वाट आहे, हे कोण ठरवणार?

प्रश्न : मी आणि माझा मित्र नोकरी सांभाळून एक गेम तयार करतोय. एकाने भुयार रचायचं, सापळे मांडायचे आणि बाकीच्यांनी त्यातून खजिन्यापर्यंत पोचायचं. ओळखीच्यांकडून खेळवून घेतलं, तर त्यांनी रचलेली बरीच भुयारं सुटतच नाहीत. किल्लीच कुलपाच्या आत अडकलेली असते. भुयार सुटणारं आहे की नाही, हे संगणकाला आधीच कळू शकेल का?
— एक वाचक, बनशंकरी, बेंगळुरू

उत्तर : भुयारात तुम्ही काय काय ठेवू देता, त्यावर ते ठरतं.

समजा, पट ३२ गुणिले ३२ चौकोनांचा आहे, म्हणजे १,०२४ जागा. त्यात पाच किल्ल्या, प्रत्येकीचं दार वेगळं. प्रत्येक किल्ली हातात असेल किंवा नसेल. अशा शक्यता ३२. गुणाकार केला तर सगळ्या मिळून ३२,७६८ स्थिती होतात. प्रवेशद्वारापासून निघून, जिथे जिथे पाऊल टाकता येतं तिथे खूण करत गेलं, की खजिना लागतो की नाही हे साध्या मोबाइललाही क्षणात सांगता येतं. चार ठोक्यांनी उघडझाप करणारे सापळे घातले, तर हा आकडा चौपट होईल. तेही चालेल.

पण ढकलता येणारी खोकी आली की गणित हाताबाहेर जातं. खोक्यांची प्रत्येक मांडणी ही नवी स्थिती असते. जपानी ‘सोकोबान’चा दिलेला पट सुटतो का, हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या अतिशय अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडतो, हे जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ मध्ये दाखवलं. तेव्हा खोकी ठेवणार असाल तर मोजकीच ठेवा, नाहीतर तपासणीचं काम रचणाऱ्यावरच सोपवा.

ही दुसरी वाट अनेकांनी धरली आहे. ‘सुपर मारिओ मेकर’मध्ये (२०१५) स्वतः पार केल्याशिवाय पातळी इतरांसाठी टाकताच येत नसे. जेसन रोहरर यांच्या ‘द कॅसल डॉक्ट्रिन’मध्येही (२०१४) घरमालकाला आपल्याच सापळ्यांतून तिजोरीपर्यंत जाऊन दाखवावं लागे. यातही पळवाट निघाली. मारिओ मेकरचे सर्व्हर एप्रिल २०२४ मध्ये बंद होणार होते. त्याआधी, रचणाऱ्याखेरीज कोणीच पार न केलेल्या पातळ्या एकेक करून संपवायचा चंग काही खेळाडूंनी बांधला. ‘ट्रिमिंग द हर्ब्स’ नावाची एक पातळी काही केल्या हटेना. शेवटी रचणाऱ्याने कबूल केलं, की ती त्याने हाताने नव्हे, यंत्राकडून बटणं दाबून घेऊन पार केली होती. तरीही सर्व्हर बंद होण्याच्या काही दिवस आधी एका खेळाडूने ती खरोखर पार केली. मला ही हकीकत फार आवडते.

वाट आहे हे सिद्ध झालं, म्हणून भुयार खेळण्याजोगं होतं असं मात्र नाही आणि माझ्या मते तुमची खरी अडचण पुढे इथेच येईल. देवगिरीची अंधारी आठवा. कातळात कोरलेला काळोखा, वळणावळणांचा मार्ग. उजेड दिसला म्हणून शत्रू तिकडे धावला की थेट खंदकात पडे. तो सापळा अचूक होता, कारण फसलेला माणूस परत येणार नव्हता. तुमचा खेळाडू मात्र परत येतो. मेल्यावर ‘अरे, हे मला दिसायला हवं होतं’ असं त्याला वाटलं, तर तो पुन्हा खेळेल. ‘हे कळणं शक्यच नव्हतं’ असं वाटलं, तर गेम काढून टाकेल. म्हणून प्रत्येक सापळ्याआधी काहीतरी खूण सक्तीची करा : फरशीला तडा, भिंतीवर काजळी, काहीही.

बक्षीस कशाला देता हेही तितकंच महत्त्वाचं. किती जण मेले यावर गुण दिलेत, तर लोक कत्तलखाने बांधतील. मरूनही जे पुन्हा आत शिरले, त्यांच्या संख्येवर गुण द्या. शिवाय आपल्या भुयारात इतर कसे वावरले, त्याचं चित्रण रचणाऱ्याला पाहू द्या. ‘मीट युअर मेकर’ने (२०२३) ही सोय दिली आहे. कोण कुठे थबकलं, कुठे वळून पाहिलं, हे बघूनच माणूस चांगलं रचायला शिकतो.

दोघांनीच काम करताय, तर सर्व्हरच्या खर्चाचा विचार आजच करा. सोळा प्रकारच्या वस्तू असतील, तर १,०२४ चौकोनांचं भुयार ५१२ बाइटमध्ये मावतं. एका क्यूआर कोडची कमाल क्षमता २,९५३ बाइट आहे. म्हणजे अख्खं भुयार एका चित्रात पाठवता येईल. मुंबईच्या यलो मंकी स्टुडिओजने ‘सोशिओबॉल’मध्ये खेळाडूंची कोडी ट्विटरवरून वाटण्याची सोय केली होती, विचार त्याच जातीचा आहे. असा गेम नेटवर्कशिवायही चालेल. बनशंकरीहून मॅजेस्टिकला जाणारी मेट्रो के. आर. मार्केटच्या आधी जमिनीखाली जाते. तेवढ्या प्रवासात एक भुयार पुरं होतं का, हे आधी तुमच्या गेमशी काहीही संबंध नसलेल्या कोणाला तरी खेळायला देऊन पाहा. तो खेळत असताना त्याला काहीही समजावून सांगू नका.