इन्सुलिन, आहारमात्रा आणि काल : उपनगरातील मधुमेही रुग्णाचे पथ्य

मधुमेही रुग्ण आयुर्वेदीय चिकित्सेसाठी आला की ‘भात बंद, साखर बंद, बटाटा बंद’ असे पथ्यपत्रक त्याच्या हाती देण्याचा प्रघात आहे. परंतु जो रुग्ण दररोज इन्सुलिन टोचून घेतो, त्याच्या आहारातील पिष्टमय पदार्थ अकस्मात कमी केल्यास इन्सुलिनची पूर्वीची मात्रा त्याला अधिक ठरते व रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून अशा रुग्णाचे पथ्य सांगताना द्रव्याइतकाच मात्रेचा व कालाचा विचार आवश्यक ठरतो.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी प्रमेहचिकित्सेत स्थूल-बलवान व कृश-दुर्बल असे दोन प्रकारचे रुग्ण मानून पहिल्यास संशोधन, तर दुसऱ्यास बृंहण सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी सहज व अपथ्यनिमित्तज असा भेद केला आहे. आधुनिक टाइप १ व टाइप २ यांच्याशी हे भेद तंतोतंत जुळतात असे नव्हे. तथापि सर्व प्रमेहींना सरसकट लंघन देऊ नये, हा बोध स्पष्ट आहे. इन्सुलिनपूर्व काळात पाश्चात्त्य वैद्यकातही टाइप १ च्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवीत असत. त्याने मृत्यू केवळ लांबणीवर पडे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन दिले गेले, तेव्हा हे चित्र पालटू लागले. टाइप १ च्या रुग्णाचे इन्सुलिन कोणत्याही कारणाने बंद करणे म्हणजे त्याला कीटोॲसिडोसिसच्या, म्हणजेच प्राणघातक अवस्थेच्या दारात नेणे होय.

मात्रा

२५ ते ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीतून साधारणतः १५ ते २० ग्रॅम कर्बोदके मिळतात. वाटीभर शिजलेल्या भातातून २५ ते ३० ग्रॅम. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात मात्र सुमारे ४३ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे एकादशीची बशीभर खिचडी ही दोन-अडीच पोळ्यांच्या बरोबरीची, आणि त्यात बटाटा पडला तर त्याहूनही अधिक. भात सोडून तितकीच पोळी किंवा भाकरी खाल्ल्याने एकूण भार हलका होत नाही, हेही रुग्णास समजावून सांगावे. कर्बोदकांचा काही भाग कमी करून त्या जागी मूग, मटकी, ताक यांसारखी प्रथिने वाढविणे अधिक हितकर असते.

काल

साध्या (रेग्युलर) इन्सुलिननंतर सुमारे अर्ध्या तासाने जेवण व्हावे लागते. शीघ्रकारी इन्सुलिन जेवणाच्या तोंडावरच घेतात. आपल्या उपनगरांतील जीवनक्रमात नेमका हाच मेळ चुकतो.

बोरिवलीचा नोकरदार घरी सुई घेऊन चर्चगेट लोकल पकडतो आणि न्याहारी कार्यालयात गेल्यावर करतो. गर्दीत घाम व थरथर सुरू झाली तरी त्याला ती उकाड्याची वाटते. अंधेरीत सीप्झसारख्या परिसरात रात्रपाळी करणाऱ्याचे ‘रात्रीचे जेवण’ पहाटे होते, पण सुई मात्र घड्याळाप्रमाणे रात्री आठला घेतली जाते. घाटकोपर-मुलुंडच्या जैन कुटुंबांत चोविहार पाळणारा रुग्ण सूर्यास्तापूर्वी जेवतो. त्याने रात्रीची मात्रा नेहमीच्या वेळी घेतली तर मागून अन्न येत नाही. पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्याचा धोका याहून मोठा, कारण पूर्ण मात्रा घेणेही घातक आणि मूळ इन्सुलिन सोडणेही घातक. नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरबा खेळल्यावर स्नायूंनी ओढून घेतलेल्या शर्करेचा परिणाम दुसऱ्या सकाळपर्यंत टिकू शकतो.

या सर्व प्रसंगी व्रत मोडा असे सांगण्यापेक्षा, व्रताच्या काही दिवस आधी रुग्णास त्याच्या मधुमेहतज्ज्ञाकडे पाठवून मात्रा व वेळ बदलून घेणे श्रेयस्कर. मात्र टाइप १ च्या व वारंवार शर्करा घसरणाऱ्या रुग्णास उपवास निःसंदिग्ध शब्दांत नाकारावा.

औषधयोजना

मेषशृंगी, विजयसार, कारले इत्यादी द्रव्ये इन्सुलिनसोबत देताना शर्करा अधिक उतरण्याची शक्यता गृहीत धरावी, आणि पहिले काही आठवडे ग्लुकोमीटरच्या नोंदी मागवाव्यात. उलटपक्षी च्यवनप्राश, इतर अवलेह व आसवारिष्टे यांतील साखर-गूळ आहाराच्या हिशेबात धरावा. शर्करा सुधारल्याचे दिसले तरी इन्सुलिन कमी करण्याचा निर्णय ते देणाऱ्या चिकित्सकाशी बोलूनच व्हावा.

आत्ययिक अवस्था

घाम, कंप, धडधड, अकस्मात भूक, चिडचिड किंवा बोलण्यातील असंबद्धता ही लक्षणे दिसताच शर्करा मोजावी. ती ७० मिलिग्रॅमहून कमी असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज अथवा तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, तरीही कमीच असल्यास पुन्हा तितकेच द्यावे, आणि नंतर काही खाण्यास द्यावे. मोजण्याची सोय नसल्यास वाट न पाहता साखर द्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे. चोविहार पाळणाऱ्यांशी व त्यांच्या घरच्यांशी, अशा वेळी साखर हे औषध आहे, हे आधीच बोलून ठेवावे.

आम्ही वैद्यबंधूंना सुचवू इच्छितो की, प्रत्येक इन्सुलिनधारक रुग्णाच्या केसपेपरवर चार नोंदी अवश्य असाव्यात : इन्सुलिन कोणते व किती, सुई किती वाजता, त्यानंतर जेवण किती वाजता, आणि व्रत-उपवास कोणते. या चार नोंदींवाचून दिलेले पथ्य अपुरे, आणि प्रसंगी अपायकारक ठरते.