उसाचा आडोसा आणि शाळेची वाट

गवताचा पाठ शिकविताना मारवेल, कुसळी यांच्याप्रमाणेच ऊसही गवतच होय, हे शिक्षकांनी मुलांस आवर्जून सांगावे. बिबट्याच्या हल्ल्यांत बालकेही दगावलेल्या आपल्या तळोदा तालुक्यात तर ते सांगितलेच पाहिजे.

वन्यपशूस अन्न हवे, तसाच आडोसाही हवा. काही देशांत रानातील चाऱ्याच्या वाफ्यांभोवती मुद्दाम उंच गवत पेरतात. त्याच्या आड हरणे दिवसाही निर्धास्त चरतात. सातपुड्याच्या पायथ्याशी तेच काम, कोणी न योजता, उसाने केले आहे. आडसाली ऊस १६ ते १८ महिने उभा असतो. आत गारवा, जवळ पाणी. बिबट्यास आणखी काय हवे? अन्न तर आपणच पुरवितो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथील अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आढळला, आणि कुत्री जमतात ती उकिरड्यावर. शाळेचे खरकटे हाही एक उकिरडाच.

म्हणून पोषण आहाराचे उरलेले अन्न खोल पुरावे. शाळेभोवतीचे व वाटेच्या कडांचे गवत ग्रामपंचायतीस सांगून कापवून घ्यावे. मुलांनी उसाच्या कडेने घोळक्याने, मोठ्याने बोलत जावे. तेथे शौचास बसू नये; बसलेला किंवा वाकलेला देह बिबट्यास लहान सावजासारखा भासतो. ऊसतोडीत पिल्ले आढळल्यास कोणी हात लावू नये, वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिल्ले त्याच जागी राहिली, तर मादी बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते.