एमआरआयमध्ये दिसलं, मग तुकडा कशाला?

प्रश्न : आईचं वय ५८. चार महिने पाठ दुखत होती. आधी मालिश झाली, मग पट्टा, मग गोळ्या. शेवटी एमआरआय काढला, तर पाठीच्या दोन मणक्यांना टीबी असल्याची शंका लिहून आली. तिला खोकला नाही, कफ नाही. डॉक्टर म्हणतात, सुईने तुकडा काढू आणि मगच औषध सुरू करू. घरचे विचारतात, एमआरआयमध्ये दिसतंय तर तुकडा कशाला? त्याने रोग पसरणार नाही का? आणि तीन वर्षांच्या नातवाला तिच्याजवळ जाऊ द्यावं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : एमआरआय म्हणजे पंचनामा. कुठला मणका किती खाल्ला गेला, पू कुठवर उतरला, मज्जारज्जू दाबला जातोय का, हे सगळं त्यात नीट लिहिलेलं असतं. हे कोणी केलं, ते मात्र नसतं. शेजारशेजारचे दोन मणके पोखरलेले आणि बाजूला पुवाची पिशवी, हे चित्र बहुतेक वेळा टीबीचं असतं. पण फोडात पू करणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू मणक्यात शिरला तरी जवळपास असंच दिसतं. कच्चं दूध पिणाऱ्यांत आणि गुराढोरांत वावरणाऱ्यांत ब्रुसेला नावाचा जंतू हेच करतो. सिकलसेलच्या रुग्णांत साल्मोनेला. दुसरीकडून पसरत आलेला कर्करोगही कधीकधी असाच फसवतो.

थोडा फरक दिसतो, नाही असं नाही. पू करणारे जंतू मणक्यांमधली गादी विरघळवणारी विकरं सोडतात, म्हणून त्यांच्या आजारात गादी आधी जाते. टीबीच्या जंतूकडे ती विकरं नसल्याने हाड पोखरलं गेलं तरी गादी बराच काळ तग धरते. कर्करोग सहसा गादीला हात लावत नाही. जाणकार डॉक्टर एवढ्यावरून बराचसा अंदाज बांधतो. पण औषधं फार वेगळी आहेत. स्टॅफिलोकॉकससाठी साधारण सहा आठवडे प्रतिजैविकं, टीबीसाठी वर्षभर तीन-चार औषधांचा कोर्स, आणि कर्करोगाचा मार्ग तर पूर्ण निराळा. नुसत्या अंदाजावर वर्षभराचा कोर्स सुरू करायचा आणि तीन महिन्यांनी पाय लुळे पडू लागले की तुकडा काढायला धावायचं, यात काही शहाणपण नाही.

शिवाय टीबी असला तरी तो कुठल्या औषधाला दाद देतो? सीबीनॅट या तपासणीत सुमारे दोन तासांत टीबीचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्यावर चालेल का, ही दोन्ही उत्तरं मिळतात. पण यंत्रात घालायला नमुना तर हवा! फुप्फुसाच्या टीबीत तो कफातून मिळतो. तुमच्या आईंना कफच नाही, म्हणून मणक्यापर्यंत जावं लागतं. त्यातही हाडात जंतू फार थोडे असतात, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाही, असं होत नाही. म्हणून त्याच नमुन्याचं कल्चर लावतात, म्हणजे त्यातला जंतू वाढवून बघतात, त्याला सहा आठवडेही लागू शकतात, आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहतात.

इथे एक साधी गोष्ट, पण तिच्यावर बरंच काही अवलंबून असतं. पॅथॉलॉजीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, आणि मेलेल्या जंतूचं कल्चर होत नाही. म्हणून कल्चर आणि सीबीनॅटसाठी वेगळा तुकडा निर्जंतुक बाटलीत, सलाईनमध्ये हवा. बाटल्या लॅबकडे तुम्हीच नेणार असाल, तर दोन आहेत ना आणि कुठल्या बाटलीत काय आहे, एवढं विचारून घ्या. डॉक्टरांना राग येणार नाही.

आणि तुकडा निघेपर्यंत ताप-लघवीसाठी म्हणून कोणी लिव्होफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक दिलं, तर आधी मणक्याच्या डॉक्टरांना विचारा. ते टीबीच्या जंतूवरही काम करतं. आजार बरा होत नाही, पण नमुन्यातून जंतू गायब होऊ शकतो. डॉक्टर आधी तुकडा म्हणतात ते यासाठीच. अपवाद एकच : पाय जड पडले, चालताना तोल गेला, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तेव्हा दाब काढण्याचं ऑपरेशन करतात आणि नमुना त्यातच मिळतो.

सुईने रोग पसरत नाही. जागा बधिर करून सीटी स्कॅनवर बघत सुई घालतात. पसरायचा तो रक्तातून आधीच पसरलेला असतो. टीबीचा जंतू बहुधा फुप्फुसातून शिरतो, तिथे कधीकधी काही खूणही न ठेवता रक्ताबरोबर मणक्यात जाऊन बसतो. म्हणून खोकला नाही. दोन मणके एकदम सापडतात तेही रक्तामुळेच : एकच धमनी वरच्या मणक्याच्या तळाला आणि खालच्याच्या माथ्याला रक्त पुरवते. पुवाची तऱ्हा तर आणखी विचित्र. तो कंबरेच्या स्नायूच्या आवरणातून घरंगळत जांघेत उतरतो, आणि रुग्ण जांघेतली गाठ दाखवायला येतो. इजिप्तमधल्या अमून देवाच्या एका पुजाऱ्याच्या, नेस्परेहानच्या, सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या ममीत मोडलेले मणके आणि हाच खाली उतरलेला पू सापडला आहे.

लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने १७७९ साली कुबड आणि लुळे पाय यांचा संबंध नीट मांडला. आजही या आजाराला त्याचं नाव आहे. पण कारण त्याला ठाऊक नव्हतं. वाईट द्रव वाहून जावा म्हणून तो पाठीवर मुद्दाम जखम करून ती वाहती ठेवायचा. रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जाहीर केला तो २४ मार्च १८८२ ला. तोवर १०३ वर्षं पंचनामे होत राहिले, आरोपी सापडला नव्हता.

आता उपचार. मणक्याचा टीबी म्हणजे ऑपरेशन, ही समजूत जुनी आहे. हाँगकाँगच्या सर्जनांनी पुढून जाऊन सडलेलं हाड काढायचं आणि नवं बसवायचं, अशी मोठी शस्त्रक्रिया रूढ केली होती. पण बनारस हिंदू विद्यापीठातले डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये आपल्या मधल्या मार्गाचे निकाल छापले : आधी औषध आणि विश्रांती, आणि ऑपरेशन ज्याला खरंच लागेल त्यालाच. भारतात आज बहुतेक जण याच वाटेने जातात. दोन महिने चार औषधं, पुढे दहा महिने तीन. सरकारी टीबी केंद्रात ती फुकट मिळतात, आणि निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद झाली की पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पर्यंत ५०० होते). लघवी केशरी झाली तर घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली किंवा रंग नीट ओळखू येईनात, तर मात्र लगेच दाखवा. आधी भूक येते, रात्रीचं दुखणं कमी होतं. एमआरआय मागून सुधारतो. पहिल्या काही आठवड्यांत पू थोडा वाढलेला दिसला, तरी औषध लागू पडत नाही असं लगेच ठरवू नका.

नातवाचं : छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल, तर मणक्यातला टीबी श्वासातून पसरत नाही. खुशाल जवळ बसू द्या, एका ताटात जेवू द्या. फक्त आईंना त्याला उचलून कडेवर घेऊ देऊ नका. ते मणक्यासाठी, त्याच्यासाठी नव्हे.