योकोहामाचा निवांत दिवस: खर्च किती, बचत कुठे

टोकियोला मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला आलेले आई-बाबा पहिल्या आठवड्यातच जिने आणि गर्दी यांनी थकून जातात. आमच्याकडे पाहुणे आले की पाचव्या-सहाव्या दिवशी मी त्यांना योकोहामाला नेते. समुद्राकाठचा सपाट रस्ता, जागोजागी बाकं, स्वच्छ आणि मोफत स्वच्छतागृहं. जपानमधलं टोकियोखालोखाल मोठं शहर असूनही तिथे धावपळ करावी लागत नाही. आणि बंदरावरचं जे खरं पाहण्यासारखं आहे, त्यातल्या बहुतेकाला तिकीटच नाही. पैसे जातात ते चुकीच्या गाडीत, अवेळी लागलेल्या भुकेत आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणून काढलेल्या तिकिटांत.

हिशेबाला 100 येनचे 60 रुपये धरा. भाडी अधूनमधून वाढतात, म्हणून इथल्या आकड्यांवर थोडे जास्तच पैसे जवळ असू द्या.

बुलेट ट्रेनने जाऊ नका. ती थांबते शिन-योकोहामाला. हे स्टेशन बंदरापासून बरंच आत आहे. हजार येनहून अधिक मोजून तिथे उतरायचं आणि पुन्हा दुसरी गाडी पकडायची, यात वेळही वाचत नाही. शिबुयाहून तोक्यू तोयोको लाइनची गाडी पुढे मिनातोमिराई लाइनवर तशीच जाते. शेवटच्या मोतोमाची-चुकागाई स्टेशनापर्यंत माणशी साडेपाचशे येनच्या आसपास भाडं आणि जलद गाडीने पाऊण तासाच्या आत प्रवास. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं. पर्यटकांसाठीचा जेआर रेल्वे पास या मार्गावर चालत नाही, आणि एवढ्याशा प्रवासासाठी तो काढूही नका. सात दिवसांचा साधा पासच 50,000 येनचा आहे. तुमच्याकडे आधीच पास असेल, तर जेआरने इशिकावाचोला उतरा. एरवी सुइका या प्रीपेड कार्डात 2,000 येन भरले की दोन्ही वेळचं भाडं आणि वाटेतलं चहापाणी भागतं.

बहुतेक लोक शहराच्या अलीकडच्या टोकाला उतरून पुढे चालत जातात आणि संध्याकाळी थकलेल्या पायांनी लांबच्या टोकाला अडकतात. तुम्ही उलटं करा. शेवटच्या स्टेशनाला उतरा आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून परत या. सगळी चाल साधारण तीन किलोमीटरची आहे. साडेदहाला सुरुवात केली तर घाई न करता संध्याकाळी परतीचं साकुरागिचो स्टेशन गाठता येतं.

पहिला मुक्काम यामाशिता पार्क. 1923च्या भूकंपात पडलेल्या घरांचा राडारोडा समुद्रात भरून त्यावर हे उद्यान केलं आणि 1930 साली ते खुलं झालं. त्याच्या एका कोपऱ्यात घुमटाचा छोटा मंडप दिसेल. भूकंपात योकोहामाकरांनी दिलेल्या आधाराची आठवण म्हणून इथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी 1939 साली शहराला भेट दिलेलं हे पाण्याचं कारंजं. रेशमाच्या व्यापारासाठी आलेली ही आपली माणसं. घुमटाच्या आतलं नक्षीकाम मान वर करून नक्की बघा. माझ्या आईने तिथे उभ्या उभ्या हात जोडले होते.

उद्यानालाच हिकावा मारू हे जुनं प्रवासी जहाज बांधलेलं आहे. दिवसभरात एकच तिकीट काढायचं असेल तर हे काढा: मोठ्यांना 300, पासष्टीपुढच्यांना 200, शाळकरी मुलांना 100 येन. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ हवा. तो परदेशी पाहुण्यांनी जपानमध्ये तसाही कायम बाळगायचा असतो. 1930 साली बांधलेलं हे जहाज सिएटलला जायचं, चार्ली चॅप्लिनने 1932 मध्ये त्यातून प्रवास केला आणि दुसऱ्या महायुद्धात ते रुग्णालय-जहाज झालं. आपल्यासाठी आणखी एक धागा आहे. ज्या निप्पॉन युसेन कंपनीचं हे जहाज, तिने आपली पहिली दूरची नियमित सेवा 1893 साली सुरू केली ती मुंबईसाठी. कापूस आणायचा होता, आणि त्यामागे जमशेटजी टाटांची साथ होती. मुंबई आणि योकोहामा 1965पासून भगिनी शहरं आहेत. जहाजात मात्र जिने उभे आहेत. गुडघे दुखत असतील तर बाहेरच्या बाकावरून बघा, तेही पुरेसं सुंदर दिसतं.

जेवणाचा प्रश्न आधीच सोडवून ठेवा, कारण इथेच दिवस बिघडतो. मागच्याच गल्ल्यांमध्ये चायनाटाउन आहे. मांसाहारी मंडळींना तिथे दुपारचं ताट 1,000 ते 1,500 येनमध्ये मिळतं, रस्त्यावरचे वाफवलेले पाव त्याहून स्वस्त. ‘हवं तेवढं खा’च्या पाट्या भुलवतात, पण दोन-तीन हजार येन भरून वाढत्या वयात कोण एवढं खातं? चव पाहायला म्हणून भाजलेले चेस्टनट हातावर ठेवणाऱ्यांना हसून नको म्हणा. ते घेतले की पुढे मोठी पिशवी घ्यायचा आग्रह सुरू होतो.

शुद्ध शाकाहारी असाल तर चायनाटाउन फक्त बघायला. भाजीतही डुकराची चरबी किंवा मांसाचा रस असू शकतो. जपानी सूप आणि नूडल्समध्ये माशाचा अर्क असतो, त्याला ‘दाशी’ म्हणतात. वेटर ‘यात मांस नाही’ म्हणाला तरी दाशीबद्दल वेगळं विचारा. कप नूडल्स संग्रहालयाचं प्रवेशशुल्क मोठ्यांना फक्त 500 येन, शाळकरी मुलांना मोफत, म्हणून मुलांचं कुटुंब तिथे जातंच. पण तिथे स्वतःच्या हाताने भरलेला नूडल्सचा कपही शाकाहारी नसतो. माझं ऐकाल तर घरून मेथीचे ठेपले किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या न्या आणि यामाशिता पार्कात समुद्रासमोर बसून खा. कचरापेट्या क्वचितच दिसतात, तेव्हा एक रिकामी पिशवी बरोबर ठेवा.

जेवणानंतर ओसानबाशी. क्रूझ जहाजांचा हा धक्का 2002 साली नव्याने उभा राहिला. त्याचं छत म्हणजे लाकडी फळ्यांचं लाटांसारखं चढउतारांचं मैदान, मध्ये हिरवळीचे तुकडे. शुल्क नाही. इथे तासभर नुसतं बसा. मी आजवर नेलेल्या सगळ्यांना शेवटी हीच जागा आठवते. वारा बोचरा असतो, डिसेंबर ते मार्च कानटोपी हवीच.

पुढे लाल विटांची दोन गोदामं, 1911 आणि 1913 सालची. आत दुकानं. खरेदी टोकियोतच करा. इथे कॉफी किंवा आइस्क्रीमला माणशी पाच-सहाशे येन ठेवा.

गोदामांपासून साकुरागिचोला दोन वाटा आहेत. एअर केबिन हा पाळणा माणशी 1,000 येन घेऊन पाच मिनिटांत पोहोचवतो. शेजारून किशामिची ही जुन्या मालगाडीच्या रुळांवरची पायवाट पाण्यावरून पंधरा मिनिटांत तिथेच जाते, फुकट. पाय अगदीच दुखत असतील तरच पाळणा. उंचावरून बघायची हौस असेल तर तेच हजार येन कॉस्मो क्लॉक या 112 मीटर उंच चक्राला द्या. एक फेरी पंधरा मिनिटांची, आणि अंधार पडल्यावर दिवे लागलेलं बंदर खाली दिसतं.

साकुरागिचोहून टोकियो स्टेशनला थेट जेआर गाडी आहे, सहाशे येनच्या आसपास. 1872 साली जपानची पहिली रेल्वे धावली, तेव्हा तिचं योकोहामा स्टेशन ते हेच.

जाण्यायेण्याचं भाडं, जहाज, बाहेरचं जेवण, कॉफी, पाणी आणि चक्र धरून माणशी साडेचार हजार येन, म्हणजे सुमारे 2,700 रुपये होतात. डबा नेला आणि चक्र वगळलं तर 2,000 येनमध्ये भागतं. टिप कुठेही द्यायची नसते.

पाऊस जून-जुलैत, उकाडा ऑगस्टमध्ये. एप्रिल, मे किंवा नोव्हेंबर निवडा आणि सोमवार टाळा. हिकावा मारू त्या दिवशी बंद असतं.