संमोहनात दिसलं ते घडलंच होतं असं नाही

संमोहनात माणूस खोटं बोलूच शकत नाही, अशी समजूत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरकडे पक्की आहे. याच समजुतीपायी माझ्या माहेरची दोन घरं एकमेकांना पारखी झाली. तरी हे लिहिते आहे ते संमोहनाला नावं ठेवण्यासाठी नाही, कारण त्याच संमोहनाचा माझ्या भावाला पुढे उपयोगही झाला. फरक होता तो ते कोण करतं आणि कशासाठी करतं, यात.

भाऊ माझ्याहून लहान, शेती करतो. कपाशीला बोंडअळी लागली, काढणीला आलेलं सोयाबीन पावसात सापडलं, सोसायटीचं कर्ज थकलं आणि त्याची झोपच उडाली. "बाई, डोयाले डोया लागत नाही," एवढंच म्हणायचा. जेवण तुटलं, पारावर बसणं बंद झालं. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण त्या सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. तेवढ्यात कुणीतरी एका 'संमोहनतज्ज्ञा'चं नाव सुचवलं. मी सोबत गेले, त्यामुळे तिथे जे झालं ते माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

आधी त्या गृहस्थांनी एक फॉर्म भरून घेतला. काकाजींशी धुऱ्यावरून वाद आहे, हे भावाने त्यात लिहिलं. मग खोलीत अंधार करून, आकडे उलटे मोजायला लावून त्यांनी त्याला शांत केलं. इथवर सगळं ठीक होतं. पुढे प्रश्न सुरू झाले. "आता तुम्ही शेतात आहात. धुऱ्यावर कोणी उभं आहे का?" भाऊ गप्प. "नीट बघा, ओळखीचं माणूस आहे." भाऊ पुटपुटला, "असंन." "म्हातारं की जवान?" "म्हातारं." "त्याच्या हातात काय आहे? काही पुरतोय का तो?" असं करत करत शेवटी माझ्या भावाला काळ्या कापडात बांधलेलं लिंबू धुऱ्यात पुरणारे काकाजी दिसले. स्पष्ट दिसले. तो रडायला लागला.

तो खोटं बोलत नव्हता की सोंग करत नव्हता. त्याला ते खरोखरच दिसत होतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे. लिंबू, कापड, म्हातारा माणूस, यातलं त्याच्या आठवणीतलं काहीच नव्हतं; प्रश्न विचारणाऱ्याने एकेक चिमूट टाकली आणि चित्र भावाच्या मनाने पुरं केलं. "मुळाशी पोचलो, आता गोळ्यांची गरज नाही," असं सांगून त्या गृहस्थांनी पुढची तारीख दिली. आमचे वडील गेले त्या साली स्वतःच्या बैलजोडीने आमची पेरणी करून देणारे काकाजी. त्यांच्या दारात जाऊन भावाने त्या संध्याकाळी नको नको ते ऐकवलं. काकाजी काहीच बोलले नाहीत. आजही ते आमच्या अंगणात पाय ठेवत नाहीत.

गोळ्या बंद झाल्या आणि भावाची तब्येत आणखी ढासळली. "मी नसलो तं सुटान सारे," असं तो एका रात्री भावजयीला म्हणाला. तिने रातोरात फवारणीचं औषध शेजाऱ्यांच्या कोठ्यात हलवलं आणि मला फोन केला. त्या बाईच्या शहाणपणाला तोड नाही. सकाळच्या एसटीने आम्ही त्याला यवतमाळला, वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात नेलं. आजाराचं नाव तिथे कळलं: नैराश्य. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मन थोडं थाऱ्यावर आल्यावर, झोपेसाठी आणि छातीतल्या धडधडीसाठी, त्याला एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं गेलं.

त्यांनी सुचवलेली रीत संमोहनाचीच निघाली. मी तर उठूनच उभी राहिले होते. पण त्यांनी आधी सगळं समजावून सांगितलं. कानात आवाज येतात का, घरात कुणाला वेडाचा आजार होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारून घेतलं. भ्रम होणाऱ्या किंवा आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णावर असा प्रयोग सहसा करत नाहीत, म्हणाल्या. "तुम्ही झोपणार नाही. माझा आवाज ऐकू येईल, रस्त्यावरची गाडीही ऐकू येईल. नको वाटलं तर डोळे उघडा." मग श्वास, सैल सोडलेले खांदे, बांधावरच्या कडुनिंबाची सावली आणि रात्री अंथरुणावर पाठ टेकताच हीच सावली आठवेल, एवढीच सूचना. मागच्या जन्मात नेणं नाही, कुणाचं नाव काढणं नाही. तेच बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून दिलं. ते ऐकत ऐकत भावाला हळूहळू झोप लागू लागली. गोळ्या मात्र डॉक्टर सांगतील तोवर घ्यायच्या, हे त्या दर वेळी बजावत.

मग मी वाचायला लागले. संमोहन म्हणजे झोप नव्हे, बेशुद्धीही नव्हे. कीर्तनात रंगलेल्या माणसाला पायाला मुंग्या आलेल्या कळत नाहीत, तसं लक्ष एका जागी गोळा होतं आणि त्या वेळी मिळालेली सूचना मन लवकर उचलतं. सगळ्यांचं मन सारखं उचलत नाही. काहींवर खूप परिणाम होतो, काहींवर जवळजवळ नाहीच. हे बळ लहान नाही. क्लोरोफॉर्म भारतात यायच्या आधी, १८४५ मध्ये, बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल या डॉक्टरांनी तेव्हाच्या मेस्मेरिझमच्या पद्धतीने रुग्णांना गुंगवून मोठमोठ्या गाठी काढल्या होत्या. ब्रिटनच्या वैद्यक संघटनेने १९५५ मध्ये आणि अमेरिकेच्या संघटनेने १९५८ मध्ये संमोहनाचा वैद्यकीय उपयोग मान्य केला. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये दाखवलं की औषधांना दाद न देणाऱ्या आतड्यांच्या जुनाट तक्रारींत संमोहनाने आराम पडतो. बेल्जियमच्या लिएज शहरात १९९२ पासून काही शस्त्रक्रिया पूर्ण भूल न देता, संमोहन आणि थोड्या औषधांच्या जोडीने होतात. वेदना, शस्त्रक्रियेची धास्ती, दात काढण्याची भीती, झोप यांत याचा उपयोग आहे.

आठवणी उकरण्यासाठी मात्र नाही. त्याच अमेरिकी संघटनेने १९८५ च्या अहवालात सांगितलं की संमोहनात उजळलेल्या आठवणी साध्या आठवणींपेक्षा जास्त भरवशाच्या नसतात. उलट चुकीच्या आठवणीवरही माणसाची खात्री वाढते. २००९ मध्ये टीव्हीवर 'राज पिछले जनम का' लागायचं, तेव्हापासून आमच्याकडे पूर्वजन्म बघून देणाऱ्यांना मान मिळू लागला, असं माझं मत आहे. म्हणून संमोहनात दिसलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवू नका. अमक्याने करणी केली असं जाहीर करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नागपूरचे श्याम मानव संमोहनाच्या कार्यशाळाही घेतात आणि करणीच्या बुवाबाजीविरुद्धही लढतात, यात मला काही विसंगत वाटत नाही.

कुणाकडे जायचं? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या नोव्हेंबर २००३ च्या आदेशात संमोहनोपचाराला वेगळी वैद्यकपद्धती नव्हे, तर उपचाराची एक रीत मानलं आहे आणि ती नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच वापरावी असं म्हटलं आहे. म्हणून भिंतीवरची चौकटीतली प्रमाणपत्रं बघून भुलू नका. मानसोपचारतज्ज्ञ असतील तर वैद्यक परिषदेचा, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. मागायला लाजू नका. जाणकार माणूस रागावत नाही. आधी आजाराचं निदान, मग संमोहन, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. चालू गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याच्या दारातून सरळ परत या. पहिल्या वेळी घरच्या माणसाला सोबत बसू देत नसतील तरी परत या.

आणि घरात कुणी "मी नसलो तर बरं" म्हणालं, तर संमोहन वगैरे सगळं बाजूला ठेवा. फवारणीचं औषध घराबाहेर, कुलपात हलवा, त्या माणसाला एकटं सोडू नका आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. फोन फुकट आहे, रात्रीबेरात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं.