मोटारीच्या काळ्या पट्ट्यांची निगा

सुरतेच्या कापडबाजारात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना रंग उडणे म्हणजे काय हे शिकवावयास नको. तथापि रिंग रोडवर वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारीचे काळे बंपर व दाराखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या राखाडी दिसू लागल्या म्हणजे त्यांचा रंग उडाला असे आपण समजतो, ते यथार्थ नव्हे. त्यांतील काळेपणा बहुधा काजळीचा असतो, आणि काजळी उन्हाने विटत नाही. विटते ते प्लॅस्टिक. अतिनील किरण व हवेतील प्राणवायू यांच्यामुळे त्याचा वरचा पातळ थर भुकटीसारखा होतो. त्यातील सूक्ष्म भेगांवर प्रकाश विखुरतो व पृष्ठभाग पांढुरका भासतो. काळे कापड पाण्यात बुडविताच अधिक गडद दिसते आणि वाळले की पूर्ववत होते, हे आपण नित्य पाहतो. तेलाचा हात फिरवून काळी केलेली पट्टी म्हणजे तेच ओले कापड होय. पहिल्या दोन-चार पावसांत ती पुन्हा राखाडी होते.

रबराची गोष्ट निराळी. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडईयर यांना गंधकासह रबर तापविण्याची युक्ती साधली, तेव्हापासून ते उन्हाळ्या-हिवाळ्यास टिकू लागले. परंतु खनिज तेलाशी त्याचे वैर सुटले नाही. आजच्या दारांभोवतीचे कृत्रिम रबर ऊन उत्तम सोसते, पण पेट्रोल, डिझेल, ग्रीस यांनी फुगते. प्रस्तुत लेखकाने हा धडा पैसे मोजून घेतला आहे. मोटार धुणाऱ्या एका गृहस्थांनी चकाकीसाठी दारांच्या रबरास दर आठवड्यास डिझेल पुसले. चकाकी आली, पुढे रबर सैल होऊन खाचेतून निघाले व आषाढात पायांखालचे गालिचे भिजले. खर्च नव्या रबराचा झाला, त्याहून गालिच्यांचा अधिक.

योग्य रीत साधी आहे. मोटार सावलीत घेऊन सौम्य साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशने पट्ट्या धुवाव्यात. पॉलिशचे पांढरे डाग खाचांत बसले असतील तर पेन्सिलीचा मऊ खोडरबर फिरवावा. ही युक्ती क्षुल्लक वाटते, पण गुणकारी आहे. पट्टी पूर्ण वाळल्यावर प्लॅस्टिकला अतिनील किरण अडविणारे, पाण्यात कालविलेले द्रव्य पातळ लावून जास्तीचे पुसून टाकावे. दारांच्या रबरास सिलिकॉनचे द्रव्य पुरते. काही कारागीर गरम हवेच्या यंत्राने प्लॅस्टिक पुन्हा काळे करून देतात. त्याने काळेपणा येतो खरा, परंतु हात जरा थांबला की पट्टी वितळते, आणि शेजारच्या रंगासही धोका असतो.

ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरानंतर कित्येक मोटारींच्या रबरांच्या खाचांत बारीक गाळ बसला होता. असा गाळ कोरडा पुसू नये, रबर खरवडते. भरपूर पाण्याने आधी भिजवून काढावा.

चकाकीचे कोणतेही द्रव्य पेडलवर वा टायरच्या जमिनीस टेकणाऱ्या भागावर कदापि लावू नये, पाय अथवा चाक घसरते. वायपरचे रबर ओल्या फडक्याने पुसावे, एवढेच. तेथे सिलिकॉन लागल्यास पावसात काचेवर धूसर पट्टे उमटतात व समोरचा रस्ता दिसत नाही.